खुर्चीवरचा वैमानिक

वाशीमला विमानतळ नाही. ही तक्रार नव्हे, नुसती माहिती आहे. तक्रारच करायची तर तिच्याआधी इतक्या तक्रारी रांगेत उभ्या आहेत की विमानतळाचा नंबर लागेपर्यंत मी निवृत्त झालेला असेन. तरीही गेली तीन वर्षं मी वाशीमहून रोज रात्री जेवणं आटोपल्यावर विमान चालवतो. नागपूरहून मुंबईला आजवर एकशे चाळीस वेळा निघालो. त्यांपैकी एकशे एकतीस वेळा पोचलो. उरलेल्या नऊ वेळांविषयी पुढं सांगेन. तूर्त एवढंच सांगतो, की जीवितहानी झाली नाही. कारण विमानात कुणीच नव्हतं. मीसुद्धा नव्हतो. मी वाशीमला घराच्या मागच्या खोलीत, पाठीशी उशी घेऊन, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर होतो.

हे विमान संगणकात असतं. बाहेरचं जग त्याला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतं आणि आमच्या घरात त्याला नुसतं ‘ते’ म्हणतात. “ते बंद करा अन् जेवायला या,” किंवा “ते आणल्यापासून तुम्ही दळण आणून नाही राहिले,” असा त्याचा उल्लेख होतो. मायक्रोसॉफ्टनं त्याची पहिली आवृत्ती १९८२ साली काढली तेव्हा पडद्यावर काही रेघा दिसत आणि त्यांना विमानतळ समजून घ्यावं लागे. २०२० साली जी आवृत्ती निघाली, तिच्यात उपग्रहांवरून काढलेल्या छायाचित्रांची अख्खी पृथ्वीच आहे. अख्खी पृथ्वी म्हटल्यावर वाशीमही आलंच. पद्मतीर्थ कुठं, बालाजीचं देऊळ कुठं, हे मी वरून शोधत बसलो. घरांची उंची मात्र संगणक स्वतःच्या अंदाजानं ठरवतो. आमच्या बैठ्या घराच्या जागी त्यानं तीन मजली इमारत उभी केली होती. मी मोठ्या कौतुकानं हिला बोलावून दाखवली. तिनं क्षणभर पाहिलं आणि विचारलं, “अन् घरपट्टी?”

आता हे विमान चालवणाऱ्यांत दोन पंथ आहेत. पहिला पंथ आमच्या चिरंजीवांचा. हे लोक विमान सुरू करतात, पुलाखालून घालतात, इमारतीवर आपटतात आणि शिकवणीला निघून जातात. दुसरा पंथ आमचा. आमचं वारकऱ्यांसारखं आहे. ठरलेली वाट, ठरलेले मुक्काम, ठरलेली वेळ. आजच्या वेळापत्रकात खरोखर असलेलं विमान निवडायचं, त्याच वेळी निघायचं आणि खऱ्या विमानाला जितका वेळ लागतो तितकाच वेळ लावून पोचायचं. खरं विमान नागपूरहून मुंबईला दीड तासात जात असेल तर मीही दीड तास खुर्चीवरून उठत नाही.

“पण मधे करता काय तुम्ही?” हिनं एकदा विचारलं. “ते तर आपोआपच चाललं दिसते.”

“लक्ष ठेवतो,” मी म्हणालो.

“मग दुधावर ठेवा थोडं,” ती म्हणाली.

पण खरी गंमत उडण्यात नाही, उडण्याच्या तयारीत आहे. मी बी.कॉम. माणूस. वीस वर्षं बँकेत काउंटरमागे बसलेला. त्यामुळे पहिल्यांदा विमानाच्या इंधनाचा हिशेब पाहिला तेव्हा परमुलखात गाववाला भेटावा तसं वाटलं. तुमची अशी समजूत असेल की पेट्रोल पंपावर गाडी लावून ‘फुल कर’ म्हणावं तसं विमानातही टाकी भरून घेत असतील. छे! इंधनालाही वजन असतं आणि ते वजन वाहून न्यायला आणखी इंधन जळतं. म्हणून मोजूनच घ्यायचं. नागपूर ते मुंबई एअरबस ३२० ला तीन टनांच्या आसपास लागतं. त्यावर पाच टक्के अडीअडचणीचं. मुंबईला उतरता आलं नाही तर अहमदाबादेपर्यंत जाण्याचं वेगळं. तिथं पोचल्यावर वर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं आणखी वेगळं, आणि त्या अर्ध्या तासाच्या इंधनाला एरवी हात लावायचा नाही. शिवाय धावपट्टीपर्यंत रांगत जायचं निराळं. बेरीज साडेसहा टनांच्या घरात जाते. अहो, हा वैमानिकाचा हिशेब नव्हे, बँकेचाच आहे! खातेदाराला द्यायची रक्कम, किरकोळ तरतूद, राखीव निधी, आणि ज्याला हात लावला तर वरून विचारणा होते असं ते रोख राखीव प्रमाण. मी तर पहिल्या रात्री कागदावर बेरीज करून खाली दोन रेघा मारल्या आणि सवयीनं सहीसुद्धा केली.

“साडेसहा टन तेल भरलं,” मी समाधानानं मोठ्यानं म्हणालो.

“घरातलं गोडं तेल संपून दोन दिवस झाले,” आतून आवाज आला.

इंधनानंतर हवामान. तो अहवाल ग्रीनिचच्या वेळेत असतो. त्यात साडेपाच तास मिळवायचे की आपली वेळ येते. मग वारा कुठून आहे ते पाहून धावपट्टीचं टोक ठरवायचं. नागपूरला एकच पट्टी, पण तिला नावं दोन: एका टोकाकडून १४, दुसऱ्या टोकाकडून ३२. माहेरचं एक आणि सासरचं एक, तसं. वाऱ्याला तोंड देऊन उडायचं असतं, पाठ देऊन नव्हे. मग उंची. पश्चिमेकडे जाणाऱ्यानं सम हजारांवर उडायचं, पूर्वेकडे जाणाऱ्यानं विषम हजारांवर, म्हणजे समोरासमोर गाठ पडत नाही. सम-विषम तारखांचं पार्किंग मोठ्या शहरांत रस्त्यावरसुद्धा नीट जमत नाही. ते आभाळात जमतं, याचं मला फार कौतुक आहे.

आता त्या नऊ वेळांविषयी. एकदा पाहुणे आले. एकदा मांजर कीबोर्डवर बसलं. दोनदा हवेच्या दाबानं घात केला. विमानाचं उंची मोजायचं यंत्र खरं म्हणजे हवेचा दाब मोजतं आणि आजचा दाब किती, हे त्याला आपण सांगावं लागतं. पावसाळ्यात मुंबईचा दाब उतरलेला होता आणि मी नेहमीचाच आकडा ठेवला. दाबात दहा एककांची चूक म्हणजे उंचीत जवळजवळ तीनशे फुटांची. यंत्रात मी व्यवस्थित तीनशे फुटांवर होतो. प्रत्यक्षात कुर्ल्याला कुणाच्या तरी गच्चीवर. ताळेबंद जुळतो आणि तिजोरी रिकामी निघते, त्यातलाच हा प्रकार. उरलेल्या पाच वेळा वाशीमची लाईट गेली. चौतीस हजार फुटांवर, दोन्ही इंजिनं ठणठणीत, हवा निर्मळ, आणि विमान एकाएकी नाहीसं! पुढं इन्व्हर्टर घेतला. घरच्यांना सांगितलं, परीक्षेच्या दिवसांत मुलाला उपयोगी पडेल.

ही हौस बँकेत फार दिवस लपली नाही. दुपारच्या डब्याच्या वेळी एक सहकारी म्हणाले, “पण याचे पैसे-गिसे भेटते का काही?”

“नाही.”

“मग लायसन?”

“तेही नाही.”

“खऱ्या विमानात तरी बसले का कधी?”

बसलो होतो. एकदाच. बँकेच्या प्रशिक्षणाला जाताना. मधली खुर्ची मिळाली होती. विमान उतरायला लागल्यावर पंखांमधून घरघर आली, तेव्हा शेजारच्या गृहस्थांना धीर यावा म्हणून मी म्हणालो, “काळजी करू नका, फ्लॅप्स आहेत. अजून चाकं यायची आहेत.” ते गृहस्थ शांत झोपले होते. ते जागे झाले ते घाबरूनच.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होतो. पण मागच्या दिवाळीनंतर एका रात्री ही दाराशी येऊन उभी राहिली. चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. चिडण्याला माझ्याकडे उत्तरं तयार असतात. ती सरळ म्हणाली, “एक विचारू? याचा उपयोग कोणाला आहे? तुम्ही एवढे नियम पाळता, एवढे हिशेब करता. पाहणारं कोणी नाही, बसणारं कोणी नाही. चुकलं तर कोणाचं बिघडत नाही. मग कोणासाठी?”

वाचकहो, मला उत्तर सुचलं नाही. बँकेत नियम पाळतो तो ऑडिटच्या धाकानं. इथं तर ऑडिटर नव्हता. मग कुठंतरी वाचलेलं एक सांगून पाहिलं. असं खोटं विमान जगात पहिल्यांदा चाललं ते अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या गृहस्थानं १९२९ च्या सुमारास केलेलं. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. त्यानं ऑर्गनचेच भाते घेतले आणि त्यांच्यावर डोलणारं लाकडी विमान बसवलं. म्हणजे आपल्या बाजाच्या पेटीचाच तो मावसभाऊ. आधी लोकांना ते जत्रेतलं खेळणं वाटलं. पुढं १९३४ साली तिथल्या लष्कराकडे टपाल वाहून न्यायचं काम आलं. धुक्यात, अंधारात नुसत्या यंत्रांवर भरवसा ठेवून उडायची सवय नसलेले वैमानिक एकामागून एक मेले. मग कुठं लष्करानं लिंकची सहा यंत्रं विकत घेतली.

“म्हणजे टपालापायी,” ही म्हणाली.

“टपालापायी.”

“त्यांचं ठीक आहे. तुमच्याकडे कुठं टपाल आहे?” एवढं बोलून ती झोपायला गेली. मी विमान उतरवलं आणि मनाशी ठरवलं, की आता ही दांडी, हे पेडल, सगळं कुणाला तरी विकून टाकावं.

ते विकलं गेलं नाही, याला कारण आमचे अण्णा. अण्णा सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. टपालखात्यात कारकून म्हणून लागले आणि सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, कारंज्याच्या उत्तरेला दोन कोसांवरच्या आमच्या गावी पोस्टमन होते. घराण्यात बँकेत गेलेला मी पहिलाच, त्यामुळे अण्णा मला थोडं बाटलेलाच समजतात. आता त्यांचे गुडघे गेले आहेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे आणि झोप कमी झाली आहे. दुसऱ्याच रात्री ते पाण्यासाठी उठले आणि माझ्या खोलीत डोकावले. सवय कुठं लगेच सुटते? मी मुंबईहून नागपूरला निघायच्या तयारीत होतो आणि पडद्यावर नकाशावर रेघ ओढलेली होती.

“कुठून कुठं?” त्यांनी विचारलं.

“मुंबई ते नागपूर.”

त्यांनी चष्मा वर केला, रेघेवर बोट ठेवलं आणि ते कारंज्यापाशी थांबवलं. “हे तर आपल्या गावावरूनच जाते लेका. रातचं टपालाचं इमान होय का?”

मग मला कळलं. ३० जानेवारी १९४९ ला आपल्याकडे रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही शहरांतून रोज रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमानं नागपूरला जमायची. तिथं पिशव्यांची अदलाबदल करून पहाटे आपापल्या गावी परत. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळण मंत्री होते. जे. आर. डी. टाटांचा या योजनेला विरोध होता. पण विमानं उडाली, आणि पुढं वीसहून अधिक वर्षं उडत राहिली. नकाशावर मुंबई ते नागपूर सरळ रेघ ओढली तर ती छत्रपती संभाजीनगरावरून येते आणि आमच्या जिल्ह्याचं उत्तरेचं टोक कापत जाते.

“तुहा आजा त्या आवाजानं उठे,” अण्णा म्हणाले. “रोज.”

मी दांडी विकायचा बेत आठवडाभर पुढं ढकलला. येत्या शुक्रवारी रात्री टपालाचं विमान उडवायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार होता, बँकेला सुट्टी. एअरबस बाजूला ठेवली आणि त्या काळचं डाकोटा विमान काढलं. दोन पंखे, ताशी दीडशे नॉट, म्हणजे पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. अंतर तीनशे सत्तर सागरी मैल. नागपूरला बरोबर बारा वाजून पाच मिनिटांनी टेकायचं तर मुंबई साडेनऊला सोडली पाहिजे. उंची नऊ हजार, पूर्वेची म्हणून विषम. दिशा ७१ अंश. सगळा हिशेब कागदावर मांडून अण्णांना दाखवला. त्यांनी तो वाचला, जसा ते माझा प्रगतिपुस्तकाचा कागद वाचत तसाच.

“टपाल किती?”

“दीड टन धरली.”

“टन कायचं? टपाल वजनावर नाही मोजत. पिशव्या किती?”

मी गप्प. अण्णा उठले, कॅलेंडरचं जुनं पान फाडून आणलं आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूला पट्टीनं रकाने आखून रीतसर बॅग लिस्ट तयार केली. अनुक्रमांक, कुठून, कुठं, मोहोर, शेरा. पन्नास पिशव्या. मद्रासच्या, कलकत्त्याच्या, दिल्लीच्या वेगवेगळ्या. खाली माझी सही घेतली. “पन्नासच्या पन्नास, मोहोरा शाबूत, मिळाल्या,” असं लिहून घेतलं. खरेपणाची हौस आपल्यात कुठून आली, असा मला कधीकधी प्रश्न पडे. तो त्या रात्री सुटला.

साडेनऊला निघालो. अण्णा शाल पांघरून माझ्यामागच्या खाटेवर बसले. घाट गेला, पुढं संभाजीनगरचे दिवे बरोबर पोटाखालून गेले. अण्णा बोलत नव्हते. मधेच म्हणाले, “ह्या इमानात ऊब नव्हती म्हणत. गारठे लोकं.” आणि शाल घट्ट केली.

अकरा वाजून गेल्यावर मी म्हणालो, “अण्णा, उजवीकडे बघा. कारंजा. आता आपलं गाव.”

ते खाटेवरून उठून खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. आणि नेमकी त्याच वेळी वाशीमची लाईट गेली!

संगणक इन्व्हर्टरवर चालू राहिला, पण इन्व्हर्टर जुना झालेला. तो लगेच रडायला लागला. मी ओरडलो, “पंखे बंद करा!” मला वाटलं, आता एकशे एकेचाळीसावं विमानही आभाळात विरघळणार. पण घरात धावपळ ऐकू आली. खटाखट बटणं बंद झाली. बैठकीतला दिवा गेला, चिरंजीवांच्या खोलीतला गेला, देवघरातली माळसुद्धा गेली. इन्व्हर्टर गप्प झाला. ही बॅटरी हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. “आहे का अजून वर?” तिनं विचारलं.

“आहे.”

पडद्यावर खाली गाव आलं. पाच-पंचवीस दिवे. अण्णा बराच वेळ पाहत राहिले.

“एवढे दिवे नव्हते रे तवा,” ते म्हणाले. “एकच होता. आपला. इमानाचा आवाज आला का तुहा आजा उठे, कंदील मोठा करे अन् आंगणात जाऊन उभा राहे. इमान जाईपर्यंत. मी लहान. मले वाटे, ते आता आपली टपाल खाली टाकते.”

“आपली टपाल त्यातच असायची का?” हिनं विचारलं.

“छट्! मुंबईची टपाल रेल्वेनं मूर्तिजापूरले उतरे, अन् तिथून शकुंतलेनं कारंज्याले. त्या इमानात आपलं पोस्टकार्डसुद्धा नसे. त्याले ठाऊक होतं नं. पोस्टमन होता तो.”

“मग कंदील काहून?” मी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बँकवाल्याला हे कळणार नाही हे त्यांना आधीच ठाऊक होतं. “टपाल होती नं ती,” ते म्हणाले. “कोणाची का असंना. टपाल चालली असताना आपण झोपून राहणं बरं दिसत नाही, म्हणे.”

मी पुढं काही बोललो नाही. ही पण बोलली नाही. ती दारातच उभी होती, बॅटरी खाली धरून, आणि नागपूर येईपर्यंत तशीच उभी राहिली. सोनेगावची धावपट्टी दिसली. चाकं सोडली, दाबाचा आकडा दोनदा तपासला. विमान टेकलं, थोडं उसळलं, पुन्हा टेकलं आणि थांबलं. अण्णांनी घड्याळ पाहिलं, कॅलेंडरचं पान मांडीवर घेतलं, बॅटरी जवळ धरायला सांगितली आणि एकेक पिशवीपुढं खूण करत पन्नासच्या पन्नास मोजून घेतल्या.

ती बॅग लिस्ट मी माझ्या उड्डाणांच्या फायलीत लावून ठेवली आहे. दांडी विकलेली नाही. विकायचं नाव काढलं तर आता हीच म्हणते, “राहू द्या, अण्णा विचारतील.” बॅग लिस्टच्या शेवटच्या रकान्यात अण्णांच्या अक्षरात शेरा आहे: “सर्व पिशव्या मिळाल्या. मोहोरा शाबूत. दोन मिनिटे उशीर. कारण, वाशीमची लाईट.”